दिवाळीत गप्प, गुढीपाडव्यानंतर घरघर: घरी जुळवलेल्या पीसीचा उन्हाळी आवाज

तक्रार दर वर्षी तीच, फक्त पीसी वेगळा. दिवाळीच्या सेलमध्ये भाग घेतले, घरीच जुळवले. जाळीदार तोंडाची कॅबिनेट, दुहेरी टॉवरचा एअर कूलर, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. थंडीभर पीसी चालू आहे की बंद हे पुढच्या दिव्याकडे बघूनच कळायचं. गुढीपाडवा उलटला की दुपारी दोनच्या सुमारास पंखे उगाचच चढू-उतरू लागतात. गेम किंवा व्हिडिओ रेंडर लावला की दहा मिनिटांत मिक्सर फिरवल्यासारखा आवाज. रात्री अकरानंतर पुन्हा शांत. पाऊस स्थिरावला की तक्रार आपोआप मिटते आणि पुढच्या एप्रिलपर्यंत कोणाला आठवतही नाही.

मधल्या काळात पंखे बदलून होतात, थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप) बदलून होते, एखादा वैतागून लिक्विड कूलर घेऊन येतो. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं.

अंशांचा हिशेब

हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. वॅट तेवढेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर हा फरक जवळपास कायम असतो. खोली २४ अंश आणि प्रोसेसर ७०, म्हणजे फरक ४६. इंदूरला मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या आसपास असतो, आणि वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली दुपारी ३८ ला सहज पोचते. तोच प्रोसेसर, तेच काम: ३८ अधिक ४६, म्हणजे ८४.

मदरबोर्डला मात्र खोलीचं तापमान ठाऊक नसतं. त्याला एवढंच सांगितलेलं असतं की ७० अंशांवर पंखा ४५ टक्के आणि ८५ ला पूर्ण. त्यामुळे तो पंखा दुपटीने पळवतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट मिळते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. कानाला तो अडीच-तीनपट वाटतो. थंडीतला गप्प पीसी आणि एप्रिलमधला बोंबलणारा पीसी यांत एवढाच फरक आहे.

यूट्यूबवरच्या आणि परदेशी संकेतस्थळांवरच्या चाचण्या बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. तिथे ‘अमुक कूलरवर ७२ अंश’ असं दिसलं तर त्यात १५ मिळवूनच इथला आकडा धरायचा. चांगले परीक्षक खोलीवरचा फरकच छापतात. ते आकडे थेट उपयोगी पडतात.

माळव्याची रात्र या बाबतीत फसवी असते. दिवसभर काम, म्हणून पीसी तपासायला रात्री बसणं होतं. तोवर खिडकीतून गार वारा यायला लागलेला असतो, पीसी गुणी बाळासारखा वागतो आणि ‘पेस्ट बदलल्यावर सुधारलं’ असा समज पक्का होतो. तपासणी दुपारी २ ते ४ च्या दरम्यान करा, आणि साधा भिंतीवरचा थर्मामीटर कॅबिनेटच्या तोंडापाशी ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाचं तापमान उपयोगाचं नाही, पंखा ओढतो ती हवा मोजायची.

फरक मोजून वहीत लिहा

हे एकदाच नीट केलं की पुढची सगळी भांडणं मिटतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) प्रोसेसरचा पंखा आणि कॅबिनेटचे पंखे ६० टक्क्यांवर स्थिर करा. तापमान आणि वॅट दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम चालू ठेवून, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच आर२३ ही चाचणी दहा मिनिटं पळवा. शेवटच्या मिनिटातले तीन आकडे लिहा: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसर पॅकेजचे वॅट, तोंडापाशी खोलीचं तापमान. पहिल्यातून तिसरा वजा करा.

नोव्हेंबरात फरक ४६ होता आणि एप्रिलमध्येही तेवढ्याच वॅटवर ४५-४७ असेल, तर पीसी निरोगी आहे. पेस्टला हातही लावू नका. तोच फरक ५४-५५ झाला असेल तर मात्र धूळ, पेस्ट किंवा एखादा बसलेला पंखा शोधायला हवा.

एक अडचण लक्षात ठेवा. रायझन ७००० मालिकेतले ‘एक्स’ प्रोसेसर, म्हणजे ७६००एक्स, ७७००एक्स, ७९००एक्स, मुळात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे टिकून राहतील असेच बनवलेले आहेत. कूलर कितीही मोठा लावा, ते वेग वाढवून पुन्हा ९५ च्या दिशेने सरकतात. प्रोसेसर कमाल मर्यादेला टेकलेला असेल तर फरक मोजण्यात अर्थ नाही. आधी खाली सांगितल्याप्रमाणे वॅट कमी करा, मग मोजा.

कॅबिनेट गुदमरते आहे की कूलर कमी पडतो आहे

तीच दहा मिनिटांची चाचणी चालू असताना बाजूचा पत्रा किंवा काच काढा आणि पाच मिनिटं थांबा. प्रोसेसर ७-८ अंश किंवा जास्त खाली आला, तर कॅबिनेटमध्ये हवा पुरत नाही. पत्रा परत लावा आणि आता पुढचं तोंड काढून बघा. तेवढीच घट झाली तर चोर सापडला. समोर अखंड काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या कॅबिनेटमध्ये हे हमखास होतं. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर कॅबिनेटला दोष देऊ नका. तिथे कूलर, त्याची बैठक किंवा पेस्ट यांच्याकडे वळायचं.

बैठकीतल्या नेहमीच्या चुका तीन. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिलेली असते (हसू नका, दर वर्षी कोणाची तरी निघते). चार स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे न आवळता एका बाजूने आवळल्यामुळे तळ वाकडा बसतो. किंवा टॉवरच्या दोन पंख्यांपैकी एक उलटा लागलेला असतो. हवा पंख्याच्या उघड्या बाजूने आत शिरते आणि ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात तिथून बाहेर पडते. हाताची पाठ समोर धरून खात्री करा.

ग्राफिक्स कार्डासाठी एचडब्ल्यूइन्फोमध्ये चिपचं सरासरी तापमान आणि ‘हॉट स्पॉट’ (चिपवरची सगळ्यांत गरम जागा) हे दोन आकडे बघा. दोघांत १२ ते १८ अंशांचं अंतर नेहमीचं. ते २५-३० च्या वर गेलं असेल तर कार्डावरची पेस्ट कडेला सरकली आहे. आरटीएक्स ५० मालिकेची कार्डं हॉट स्पॉट दाखवत नाहीत, तिथे तीन महिन्यांच्या नोंदीवरूनच ठरवावं लागतं. वॉरंटी शिल्लक असताना कार्ड उघडू नका.

आणि पीसी ठेवला कुठे आहे तेही बघा. तीन बाजूंनी बंद असलेल्या कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात मागून निघालेली गरम हवा खालून वळून पुन्हा तोंडाशी येते. मागे भिंतीपासून निदान १५ सेंटिमीटर जागा आणि कप्प्याची मागची फळी काढलेली, एवढ्यानेही पाच-सहा अंश उतरतात.

इलाज वॅटपासून सुरू करा

उन्हाळ्यात एकेक वॅट दोनदा भोवतो. एकदा चिप तापवून, दुसऱ्यांदा खोली तापवून. ४०० वॅट खाणारा पीसी तीन तास चालला तर १.२ युनिट वीज जळते, आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. दार-खिडक्या लावलेल्या १०×१० च्या खोलीत तापमान यामुळेच चढत जातं. मग फरक तोच राहूनही प्रोसेसर वर सरकतो. पंखा बदलून यातलं काही हटत नाही.

रायझनचा ‘एक्स’ प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या पानावर इको मोड शोधा आणि ६५ वॅटचा पर्याय निवडा. त्याने सॉकेटची मर्यादा ८८ वॅट होते. ७७००एक्सची मूळ मर्यादा १४२ वॅट आहे, म्हणजे ५४ वॅट वाचले. सगळे कोर घासणाऱ्या रेंडरमध्ये थोडा वेळ जास्त लागेल. खेळात फरक जाणवणार नाही, कारण खेळताना प्रोसेसर तेवढे वॅट मागतच नाही. त्याच पानावर कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोरचं व्होल्टेज थोडं उतरवण्याची सोय, आहे. तिथे सगळ्या कोरना उणे १५ पासून सुरुवात करा, आठवडाभर वापरून उणे २० करा. पीसी रिकामा असताना अचानक रीस्टार्ट झाला तर पाचने मागे या. ही गडबड जोराच्या कामात दिसत नाही, हलक्या कामात दिसते. म्हणून ‘स्ट्रेस टेस्ट पास झाली’ यावर विसंबू नका.

७६०० आणि ७७०० या साध्या मॉडेलांची मर्यादा मुळातच ८८ वॅट आहे. शांत पीसी हवा असेल तर ‘एक्स’साठी जास्त पैसे देण्यापेक्षा हीच घ्यावीत, आमचं तरी मत असं आहे. ७८००एक्स३डी खेळासाठी उत्तम, पण त्याची कमाल मर्यादा ८९ अंश आहे, ९५ नव्हे. त्यामुळे त्याचा फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती फिरेल याची आखणी, सहा अंश आधी संपवावा लागतो.

इंटेलच्या बाबतीत मदरबोर्डवाल्यांनी दिलेली ढिलाई जास्त भोवते. कित्येक बोर्डांवर दीर्घ आणि अल्प मुदतीच्या पॉवर लिमिटच्या जागी ४०९६ वॅट लिहिलेलं सापडेल, म्हणजे मर्यादाच नाही. आय५-१२४०० साठी ६५ आणि ११७ हे इंटेलचे स्वतःचे आकडे भरा. आय७-१४७००के ला इंटेल २५३ वॅटपर्यंत मुभा देतं. आमच्याकडच्या दुपारी ते एअर कूलरच्या आवाक्याबाहेर आहे, दोन्ही जागी १२५ भरा. १३ व्या किंवा १४ व्या पिढीतला ‘के’ प्रोसेसर असेल तर त्याआधी बायोस अद्ययावत करून घ्या. वाढीव व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याच्या प्रकारावर इंटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) दिला. तो नसलेला बायोस आवाजापेक्षा मोठं दुखणं देऊ शकतो.

ग्राफिक्स कार्ड हा उष्णतेचा मोठा वाटेकरी, आणि त्याचा इलाज सर्वांत सोपा. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिटची पट्टी ८० टक्क्यांवर आणा. आरटीएक्स ४०७० चे २०० वॅट १६० वर येतात आणि फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र वॅटच्या मानाने फारच थोड्या घटतात, कारण शेवटचे ३०-४० वॅट कार्ड केवळ दोन-चार टक्के वेगासाठी जाळत असतं. त्यासोबत फ्रेम्सना मॉनिटरच्या दराएवढी मर्यादा घाला. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला २२० फ्रेम्स दाखवून फक्त खोली तापते.

फॅन कर्व्ह: चढ-उताराचा त्रास इथे मिटतो

रायझनचं तापमान एखादं टॅब उघडलं तरी क्षणात १०-१५ अंश उसळतं आणि खाली येतं. थंडीत ही उसळी ४० ते ५५ मध्ये असते, कर्व्हच्या सपाट भागात, म्हणून ऐकू येत नाही. उन्हाळ्यात तीच ५५ ते ७० मध्ये येते, नेमकी चढावर. पंखा दर वेळी दचकून उठतो. पंखा स्थिर वेगाने मोठा वाजला तर कान सवय करून घेतो, चढ-उतार मात्र सहन होत नाही.

९५ अंश मर्यादेच्या प्रोसेसरसाठी चालणारा कर्व्ह असा: ६५ अंशांपर्यंत सपाट ३० टक्के, ७५ ला ४५, ८५ ला ६०, ९० ला ८० आणि ९४ ला १००. दुकानातून आलेल्या ‘स्टँडर्ड’ कर्व्हपेक्षा हा बराच उजवीकडे सरकलेला आहे, आणि तेच हवं आहे. ८५ अंशांना घाबरू नका, या चिप त्यासाठीच बनवलेल्या आहेत. वेग वाढवण्याचा उशीर, बोर्डावर त्याला स्टेप अप किंवा स्मूदिंग म्हणतात, जेवढा जास्त देता येईल तेवढा द्या. वेग कमी करण्याचा त्याहून जास्त. विंडोजमध्ये फॅनकंट्रोल नावाची मोफत प्रणाली यासाठी उत्तम: चढायला ५ सेकंद, उतरायला १५.

कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात ही दुसरी चूक. गेममध्ये उष्णता ग्राफिक्स कार्डाची असते, आणि बायोसला कार्डाचं तापमान सहसा दिसत नाही. फॅनकंट्रोलमध्ये पुढचे पंखे कार्डाच्या तापमानाला जोडा. ते थोडे जास्त फिरले तर कार्डाचे छोटे, कर्कश पंखे खाली येतात. एकूण आवाज घटतो.

कार्डाचे पंखे रिकामेपणी थांबतात, ही सोयही उन्हाळ्यात उलटते. बहुतेक कार्डं ५० ते ६० अंशांच्या दरम्यान पंखे सुरू करतात. ३८ अंशांच्या खोलीत, दोन मॉनिटर जोडलेले असताना, कार्ड काही न करता त्याच उंबरठ्यावर घुटमळतं. पंखे २० सेकंद फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात. मार्च ते जून ही सोय बंद करा आणि किमान वेगावर, साधारण ३० टक्के, सतत फिरू द्या. सुरू-बंद होण्याची ‘घर्र’ जाते आणि उरलेला आवाज छतावरच्या पंख्यात बुडतो.

ज्या पंख्यांना कर्व्ह लागूच होत नाही

इतकं करूनही एखाद-दोन पंखे पूर्ण वेगानेच पळत असतील तर त्यांची वायर बघा. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारे रंगीत दिव्यांचे पंखे बहुधा चार जाड पिनांच्या मोलेक्स या प्लगने थेट एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) जोडलेले असतात. त्यांना १२ व्होल्ट सतत मिळतात, वेग कमी करायची सोयच नाही. ते काढा. दोन चांगले पंखे चार दिवाळी पंख्यांना भारी पडतात.

पंखा तीन पिनांचा आणि बोर्डाची जागा पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेतून वेग ठरवणारी पद्धत) ठेवलेली असेल तरी पंखा पूर्ण पळतो. बायोसमध्ये त्या जागेला डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारी पद्धत) करा. चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएमच ठेवा. स्प्लिटर वापरायला हरकत नाही, मात्र एका जागेवर एकूण १ अँपिअरपेक्षा जास्त भार नको. पंख्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर अँपिअर लिहिलेले असतात, बेरीज करा. स्प्लिटर, पेस्ट, पंखे हे किरकोळ सामान इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एका फेरीत जमतं. जाताना जुना पंखा सोबत न्या, १२० आणि १४० मिमीची गल्लत होणार नाही.

धूळ

स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर वर्षानुवर्षं आला म्हणून हीटसिंक स्वच्छ राहत नाही. फेब्रुवारीनंतरची कोरडी हवा आणि शेजारचं बांधकाम, दोन महिन्यांत जाळीवर नमदा बसतो. होळीपासून पावसापर्यंत दर चार ते सहा आठवड्यांनी फिल्टर काढून पाण्याखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवूनच लावा. टॉवर कूलरचा पंखा क्लिपसकट काढा. खरी धूळ पंख्यावर कमी आणि त्याच्या मागे, पत्र्यांच्या पहिल्या कडेवर जास्त असते, बाहेरून दिसत नाही. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने भरधाव फिरला तर बेअरिंग जातं.

देवघर किंवा स्वयंपाकघर त्याच हवेवर असेल तर धूप-उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकट अंश धुळीला चिकट करतो. ती ब्लोअरने उडत नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाती पुसावी लागतात.

खिडकीतल्या कूलरबद्दल दरवर्षी विचारणा होते (इथे प्रोसेसरवरचा नव्हे, पाण्याचा). तो खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, म्हणजे पीसीला फायदाच. पण झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार वाळले की पांढरी पूड मागे राहते, आणि ओलसर हवेत धूळ पत्र्यांना घट्ट चिकटते. पीसी झोताच्या बाजूला, निदान सहा-सात फुटांवर ठेवा.

नवे भाग घेताना

वॅट उतरवले, कर्व्ह सरकवला, तरी फरक आणि आवाज मान्य नसेल तेव्हाच पाकीट काढा.

कूलर: ८८ वॅटपर्यंत उष्णता वाहणाऱ्या चार नळ्यांचा एकेरी टॉवर पुरतो, डीपकूल एके४०० च्या जातीचा. १२० वॅटच्या वर सहा नळ्यांचा दुहेरी टॉवर. उंची आधी मोजा: थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिमी, डीपकूल एके६२० १६० मिमी, नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५ मिमी. उंच, दिव्यांची रॅम असेल तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि तेवढी उंची आणखी वाढते. बाजूची काच बसत नाही हे घरी आल्यावर कळण्यात मजा नाही. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर इथल्या उन्हाळ्यात शांत राहत नाही, तो तात्पुरता समजा.

लिक्विड कूलरने खोलीचं तापमान टळत नाही, पाणीही त्याच हवेवर थंड होतं. वर पंपाची बारीक गुणगुण बाराही महिने. घेतलाच तर रेडिएटर वर लावा. पंप सगळ्यांत उंच राहिला तर हवेचे बुडबुडे त्यात जमतात आणि माठात पाणी ओतल्यासारखा गुळगुळ आवाज येतो.

ग्राफिक्स कार्ड: एकाच चिपच्या दोन-तीन आवृत्त्या समोर असतील तर कमी वॅटच्या चिपवर मोठा हीटसिंक असलेली घ्या. आरएक्स ९०७० चे २२० वॅट आणि ९०७० एक्सटीचे ३०४ वॅट, यांतले ८४ वॅट मे महिन्यात तुमच्याच खोलीत राहणार आहेत. आखूड, दोन पंख्यांचं कार्ड स्वस्त मिळतं, पण बोंबलतंही तेच.

कॅबिनेट: पूर्ण जाळीचं तोंड, पुढे १४० मिमीचे दोन किंवा १२० चे तीन, मागे एक. आत शिरणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. आवाज शोषणारा फोम लावलेल्या बंद कॅबिनेटी थंड देशांत शोभतात.

एसएमपीएस: नेहमीच्या भाराच्या दुप्पट क्षमता धरा. ८८ वॅटचा प्रोसेसर, २०० चं कार्ड आणि बाकी ५०-६० मिळून साधारण ३४५ वॅट होतात, तर ६५० ते ७५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा (कमी वीज वाया घालवणारा) घ्या. निम्म्या भारावर त्याची उष्णता कमी आणि पंखा बराच वेळ थांबलेला. खाली फिल्टर असेल तर पंख्याचं तोंड खाली. एसएमपीएस उघडून पंखा बदलायच्या फंदात कोणी पडू नये, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.

संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होताना टेबलाखालून ‘टक-टक’ येते ती बहुधा यूपीएसच्या रिलेची. त्यापायी एसएमपीएस बदलू नका.

आणि डिसेंबरातली उलटी तक्रार

उन्हाळ्यात छताचा पंखा आणि खिडकीतला कूलर बरंच काही झाकतात. थंडीत दोन्ही बंद, रात्री एक वाजता गल्ली शांत, आणि तोच पीसी वेगळंच बोलू लागतो. यातलं काहीही तापमानाचं नाही, म्हणून कर्व्हशी खेळू नका. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एकेका भागाजवळ धरा, जागा लगेच कळते.

हेलकावे घेणारी ‘घूं…घूं…’ जवळजवळ सारख्या वेगाने फिरणाऱ्या दोन पंख्यांची असते. एकाचा वेग ५०-१०० आरपीएमने बदलला की बंद. पत्र्यावर तळवा दाबल्यावर थांबणारा आवाज कंपनाचा: स्क्रू आवळा, पायांखाली रबर द्या. जुनी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क १२० हर्ट्झचा घुमा काढते, तिला रबरी वॉशरवर बसवा किंवा साठा बाहेर हलवून आत फक्त एसएसडी ठेवा. सकाळी गार असताना खरखरून पाच मिनिटांनी गप्प होणाऱ्या पंख्याचं वंगण उन्हाळ्यांनी वाळवलेलं असतं, विशेषतः छताकडे तोंड करून आडवा लावलेला साध्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा. तो बदला, आणि आडव्या जागी फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचाच घ्या. फ्रेम्सबरोबर कमी-जास्त होणारी बारीक चिरचिर ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलची. गेमच्या मेनूत फ्रेम्स हजारापर्यंत धावतात तेव्हा ती सगळ्यांत जोरात असते, आणि फ्रेम्सची मर्यादा तिथेही लागू आहे ना, एवढंच आधी बघा.